उंटांशी बोलायला गेलेला माणूस

वाचनालयाच्या फळ्यापाशी थांबणाऱ्या मंडळींनो, आज दुपारी पळसदरीला घडलं ते माझ्याच अक्षरात वाचा, म्हणजे बाजारात त्याला शेपूट फुटणार नाही.

घरी एकट्याने अरबी शिकलो आणि या उन्हाळ्यात दमास्कसच्या वर्गाला जाऊन आलो. दुबईला नव्हे, दमास्कसला! तिथला दंडक असा की वर्गात, जेवताना, खोलीतसुद्धा अरबीखेरीज दुसऱ्या भाषेत बोलायचं नाही. मी निघालो तेव्हा बंगलेवाले अण्णा इथल्याच सभेत म्हणाले होते, "गणपत उंटांशी बोलायला चाललाय!"

आज त्याच अण्णांनी मला तातडीने बोलावलं. मुंबईत उपचार घेणारे एक अरब गृहस्थ हवापालटासाठी अण्णांचा बंगला भाड्याने बघायला आले होते. दुभाष्या हवा होता.

मी पाहुण्यांशी तासभर बोललो. आम्ही खळखळून हसलो. अण्णा कधी त्यांच्या, कधी माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हनतायत रं? बंगला पसंत हाय का?"

मी दमास्कसचा दंडक पाळला. मराठीत एक अक्षर काढलं नाही. माझी माडी रिकामी आहे, हे मात्र पाहुण्यांना सांगितलं.

ते सामान घेऊन माझ्याबरोबर निघाले, तेव्हा अण्णा आडवे आले. "आरं, काय ठरलं ते तरी सांग!"

"अण्णा, उंटांचं बोलणं ते. तुमाला काय सांगू?"

पाहुणे आता माझ्या माडीवर झोपलेत.

मी वाईट वागलो, असं कोणी म्हणेलच. त्याने आधी एवढं सांगावं, त्या सभेत तुम्ही हसला होता की नव्हता?