एकोणतिसाचा पाढा

निजाम सरकारच्या शिक्षणखात्याच्या दप्तरी आजवर नोंदला गेलेला नाही असा एक अत्यंत गंभीर प्रसंग मी आज पूर्ण शुद्धीत जाहीर करीत आहे. ओल्या पाटीचा वास आला की तो आठवतो. मास्तरकी शिकताना मला नेकनूरजवळच्या एका गावात, देवळात भरणाऱ्या शाळेत, महिनाभर मागे बसून वर्ग पाहायचा आणि दिसेल ते वहीत टिपायचं होतं. रोज तीन कोस चालून मी थकलेला. तीस वर्षं शिकवून तिथले म्हातारे मास्तर थकलेले. दुपारी ते पोरांना एकोणतिसाचा पाढा लावून देत आणि खांबाला टेकून झोपत. पाढा थांबला की त्यांना जाग येई आणि पाठोपाठ छडी निघे, म्हणून पोरं तो थांबूच देत नसत. शेवटच्या दिवशी मी वहीत ठणकावून लिहिलं, ‘मास्तर वर्गात झोपतात.’ यानं त्यांची नोकरी जाईल, हे मला ठाऊक होतं. मग त्या पाढ्यानं माझेही डोळे मिटले. उघडले तेव्हा तपासणीचे साहेब माझी वही वाचत समोर उभे. मी घाईनं डोळे पुन्हा मिटून घेतले. आता माझ्याही वर्गात दुपारी तोच पाढा चालतो, आणि खांबाला टेकलो की मला पुढच्या रांगेतलं ते पोर आठवतं. त्या दिवशी साहेब ओरडणार तोच ते काकुळतीनं म्हणालं, “सायब, दमानं बोला. थोरले मास्तर कवाचेच झोपल्यात, पर ह्या धाकल्यांचा डोळा आत्ताच लागलाय.”