डिक्शनरी हलली तेव्हा

रोझीचा इंटरव्ह्यू माझ्याच मोबाइलवर, व्हिडिओ कॉलने चालू होता. क्लासच्या बाकी तिघी भिंतीला टेकून चिडीचूप. मी रोझीच्या समोर, फोनच्या मागे.

जेसल पार्कला माझ्या हॉलमध्ये मी बायकांना स्पोकन इंग्लिश शिकवते. मी स्वतः दहावी. इंग्लिश शिकले ती डिक्शनरी वाचून वाचून, म्हणून माझा तिच्यावर जरा जास्तच जीव.

रोझी उत्तनची. तिच्याकडे लग्नात फुगे करतात, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोल गोळे तळतात. रोझीचे सगळ्यांत हलके. वरसाव्याच्या एका हॉटेलात बेकरीत जागा निघाली होती. चाळिशीत पहिली नोकरी मिळणार, म्हणून बाई आठवडाभर झोपली नव्हती.

आठवडाभर मी तिच्याकडून 'राइज' घोकून घेतलं. "राइज म्हणजे वर येणं, आपलं आपण. सूर्य राइज होतो, भाव राइज होतात. कुणी उचलत नाही."

"टीचर, मंग पिठाचं पन तसंच हाय की!"

"हो, बाय. द डो राइजेस. पाठ कर."

इंटरव्ह्यूच्या दिवशी, नंतर तळायला म्हणून तिने भिजवलेलं पीठ आणलं होतं. आमच्याकडे मांजर येतं. मी पातेल्यावर ताटली ठेवली, ताटलीवर डिक्शनरी.

फोनवरून हॉटेलच्या शेफनी इंग्लिशमध्ये विचारलं, "पीठ तयार झालं, हे कसं ओळखता?"

मी फोनमागून ओठ हलवतेय, राइज, राइज! "सर..." रोझी म्हणाली आणि तिचे डोळे भरले. पाठांतर साफ गेलं.

तेवढ्यात डिक्शनरी हलली. मला वाटलं, माझंच बीपी. पण ताटली एका बाजूने वर, डिक्शनरी घसरत घसरत, धप्प! मागोमाग पीठ.

"अगो टीचर, आलं बग वर!" रोझीने माझ्या हातातला फोन ओढून पातेल्यावर धरला. "सर, सी! इट इज राइजिंग! नोबडी टचिंग!" पिठात बोट खुपसलं. "होल न्हाय गेला, सर! होल स्टे, मीन्स रेडी! नाउ फ्राय, नो टाइम!"

तिकडे शेफ हसून हसून खोकायला लागले. "मॅडम, फर्स्ट फ्राय. मंडे जॉइन."

मग काय! एकीने कढई ठेवली, दोघी नाचल्या, मी गुडघे विसरले.

डिक्शनरीतल्या 'आर'च्या पानांना अजून मैदा चिकटलाय. आता नवीन शब्द शिकवायच्या आधी मी विचारते, "हे तू घरी करतेस का गं?" बहुतेक वेळा करत असते. आणि फुगणाऱ्या पिठावर जड काही ठेवू नये. त्याला थांबवता येत नाही.