चावंडची ओटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला तरी कसं सांगू — बोलणं मला तसंही जमत नाही.

आमचं घर लोणीला. शाळा इंग्रजी, आणि मी घुमी. नोकरीच्या मुलाखतींना जायचे, गप्प बसून परत यायचे. शेवटी आई चावंडच्या चामुंडेला नवस बोलली — पोरीला नोकरी लागू दे, गडावर येऊन ओटी भरीन, तोवर पायात चप्पल घालणार नाही. नोकरी लागली. पण तोवर आईचे गुडघे गेले होते. "तू भर माझ्या नावानं," म्हणाली. खण, नारळ, तांदूळ फडक्यात बांधून तिने माझ्या सॅकमध्ये ठेवले.

मी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर गेले. चावंड पाहिलाय तुम्ही? उभ्या कड्यात कोरलेल्या पायऱ्या, एकेक गुडघ्याएवढी. वर कातळातला दरवाजा, ढासळलेली जोती, ओळीने खोदलेली टाकी — आत काळं, गार पाणी. आणि माथ्यावर देवीचं एवढंसं देऊळ. चहूकडे आभाळ, खाली धरणाचं पाणी. कुणी फोडला असेल एवढा दगड? कशाच्या बळावर? तिथे आडवं पडून नमस्कार करावा, असं आतून वाटलं — खरंच वाटलं.

केला का? नाही.

देवीपुढे कुणाच्या तरी ओट्या होत्या. ऋचा, माझ्या शेजारच्या टेबलावरची, हसली. "देवीला ब्लाउजपीसचं दुकान टाकायचंय वाटतं. तू इकडचीच ना गं? तू पण आणलीस की काय?"

"छे. मी नाही मानत असलं."

एवढंच. तिने सहज विचारलं होतं. आणलीय म्हणाले असते, तर कुणी काही म्हणालं नसतं — हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

परतताना मंचरला एकटी उतरले. खण-तांदूळ एका पारावर ठेवले, नारळ तिथल्याच दगडावर फोडला आणि वाट्या प्रसाद म्हणून सॅकमध्ये ठेवल्या.

आई दारातच होती. "भरली का गं वटी?"

"भरली."

"दिवा व्हता का?"

"होता. मीच तेल घातलं."

तेलाचं तिने विचारलंही नव्हतं. मी किती सहज बोलले.

आईने घेऊन ठेवलेली कोरी चप्पल बाहेर काढली, पायात घातली, अंगणात चार पावलं टाकली. "चावत्यात लई," म्हणून हसली. मग खोबरं फोडून पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. "पयला तुला. तुझ्यासाठीच बोलले व्हते."

मी खाल्ला. आणखी एक मागून घेतला.