नवा भिडू

न्यू जर्सीत, आयसेलिनला आमच्या कॉम्प्लेक्समध्ये कोणी नवीन मराठी कुटुंब आलं की पहिल्या आठवड्यातच मी त्यांच्याकडे जाऊन येतो. गादी स्वस्त कुठे मिळते, कोणत्या दुकानातली मेथी दुसऱ्या दिवशी पिवळी पडते, हे सांगतो आणि मग रेफरल कोड पाठवतो. बँकेचा, फोनच्या प्लॅनचा, क्रेडिट कार्डाचा. चार पैसे त्यांना मिळतात, चार मला. इथे सगळेच हे करतात आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. मलाही वाटत नव्हती.

मागच्या वर्षी नागपूरचं एक जोडपं आलं. तो माझ्यासारखाच आयटीतला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिला व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती, म्हणून ती रविवारच्या मराठी शाळेत शिकवायला लागली. माझी मुलगी तिच्याच वर्गात होती. त्यांच्याकडे गाडी नव्हती, तेव्हा दर रविवारी सकाळी आम्ही चौघं माझ्या गाडीतून जायचो. मुलं वर्गात गेली की आम्ही बापलोक दोन तास शाळेच्या कॅफेटेरियात बसून राहायचो, आणि तोही आमच्यात बसायचा. त्या दोन तासांत मी फोनवर पोकर खेळायचो. न्यू जर्सीत ते कायदेशीर आहे. एकदा त्याने डोकावून पाहिलं, हे काय म्हणून विचारलं, आणि मी सवयीने त्या अ‍ॅपचाही कोड त्याला पाठवून दिला.

आता खरं ते सांगतो. ऑनलाइन पोकरला सारखा नवा माणूस का लागतो, हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक डावातून कंपनी आपला वाटा काढून घेते, त्यामुळे टेबलावरचा पैसा आटतच जातो. मुरलेले खेळाडू कच्च्यांकडून जिंकतात. कच्चे हरून हरून कंटाळतात आणि सोडून जातात. मग उरतात नुसते मुरलेले. ते एकमेकांच्या हाती लागत नाहीत, कंपनीचा वाटा मात्र जातच राहतो, आणि हळूहळू तेही उठतात. म्हणून बोनस, म्हणून जाहिराती, म्हणून कोड. त्या उन्हाळ्यात माझी नेहमीची टेबलं ओस पडत चालली होती आणि मी त्यावर चक्क चिडायचो. लोक खेळायला का येत नाहीत, म्हणून.

त्या अ‍ॅपमध्ये समोरच्या खेळाडूच्या नावाला रंगीत ठिपका लावून ठेवता येतो, खाली टिपणही लिहिता येतं. कच्च्यांना मी हिरवा लावायचो. ऑगस्टमध्ये एक नवं नाव दिसायला लागलं, अक्षरं आणि आकडे जोडून केलेलं. हातात काहीही पत्ते असोत, हा डाव सोडायचाच नाही. मी हिरवा ठिपका लावला आणि लिहिलं, ‘कधीच सोडत नाही. शांतपणे वाट बघायची.’ रविवारी आणि अधूनमधून संध्याकाळीही मी त्याच्याकडून सपाटून जिंकलो. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

एका रविवारी परत येताना त्याची बायको मागच्या सीटवरून सहज म्हणाली, “दादा, गाडी आता दिवाळीनंतर बघू म्हणतोय हा. तोवर तुम्हालाच त्रास.” गाडीशिवाय ती आठवडाभर घरात अडकून असायची, हे मला माहीत होतं. तो माझ्या शेजारी बसला होता. खिडकीबाहेर बघत राहिला.

पुढच्या रविवारी तो कॉफी आणायला उठला आणि फोन टेबलावर तसाच ठेवून गेला. कानात इयरफोन घालून हा मॅच बघत असतो, अशी माझी समजूत होती. स्क्रीनवर पत्ते होते आणि खाली तेच अक्षरं-आकड्यांचं नाव. त्याच्या समोरच्या खुर्चीवर माझं खेळातलं टोपणनाव होतं.

तो परत आल्यावर मी माझा फोन त्याच्यापुढे सरकवला. ठिपका त्याने पाहिला, टिपण दोनदा वाचलं.

“मला वाटलं हा कोणी अमेरिकन असेल,” तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “दादा, कोड पाठवला तेव्हा तुम्हाला माहीत होतं, मी हरणार ते?”

“नवा माणूस हरतोच,” मी म्हणालो. “नाहीतर कोड कोण कशाला देईल?”

मी जिंकलेलं सगळं परत करतो म्हटलं. त्याने मान हलवली, खेळात हरलो, परत कसले घ्यायचे, म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. मला खरोखर लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवायची ते कळत नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी ती एकटीच खाली आली आणि मागे माझ्या मुलीशेजारी बसली. त्याला बरं नाही का, असं विचारायचा धीर मला झाला नाही. शाळेशी मुलगी उतरून पळाली. तिची टीचर मात्र माझ्या खिडकीपाशी आली.

“त्याने सगळं सांगितलं मला,” ती म्हणाली. “ते अ‍ॅप डिलीट केलं त्याने. तुम्ही केलंत?”

हो म्हणणं फार सोपं होतं. नंतर खरोखर काढून टाकलं असतं की झालं.

“नाही,” मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि ती वर्गात गेली. बारा वाजता शाळा सुटल्यावर मी गाडी दाराशी आणून उभी केली. मुलगी एकटीच आली. टीचर कुठे आहे, मी विचारलं.

“शी लेफ्ट, बाबा. समवन एल्स गेव्ह हर अ राइड.”

मुलगी सीटबेल्ट लावून बसली होती. मी तरी आणखी पाच मिनिटं थांबलो.