गोठ्यातल्या खुंटीवरची साडी

पुण्याला निघाले त्या सकाळी मी घराचा निरोप घेतलाच नाही, म्हशीचा घेतला. हसू नका. दारात गाडी उभी, आमचे हे पिशव्या डिकीत कोंबतायत आणि मी आपली गोठ्यात चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत उभी. जाऊबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगं, डॉक्टरनी जनावराला शिवू नको म्हनलंय ना?"

"म्हनलंय, पर उद्यापासून," मी म्हणाले आणि आणखी दोन हात फिरवले.

माझ्या स्तनात गाठ निघाली, कॅन्सरची. ऑपरेशन झालं, डावी बाजू गेली. आता केमो घ्यायची होती. डॉक्टरांनी विचारलं, घरी जनावरं आहेत का? मी अगदी तोऱ्यात सांगितलं, आहेत की, एक म्हैस, दोन शेळ्या. मला वाटलं, घरच्या दुधाचं कौतुक करतील. त्यांनी पेनच खाली ठेवलं. केमोत अंगातली ताकद उतरते, शेण, चिखल, कच्चं दूध यांपासून लांब राहा, सगळे डोस होईपर्यंत पुण्यातच राहिलात तर उत्तम, म्हणाले. घ्या! गाठ माझ्या छातीत आणि हद्दपारी गोठ्यातून.

कोल्हारजवळच्या आमच्या वस्तीवर सगळ्यांना चंद्रीचा स्वभाव माहीत आहे. ती व्याली आणि तिचं रेडकू आठवड्यातच गेलं. तेव्हापासून तिनं मलाच धरलं. मी कासेला हात लावला की पान्हा सोडायची. दुसरं कोणी बसलं की दूध चोरायची, वर लाथ मारायची ती वेगळीच. म्हणजे मी गेले की चंद्री आटणार, आणि आटली की तिला बाजार दाखवणार, हे सरळच होतं. यांना मी गाडीत सांगितलं, "तिला विकू नका." हे म्हणाले, "बरं." आमच्या यांचं बोलणं एवढंच असतं. पण चंद्री दावणीला राहिली तर मी घरी परत येणार आणि ती गेली तर माझंही काही खरं नाही, असं मनानं कधी धरलं, माझं मलाही कळलं नाही.

लग्न होऊन निघताना आई म्हणाली होती, "मागं वळून बघू नको." आणि पुढं म्हणाली, "कांद्याचं रोप उपटून लावलं की पहिलं मान टाकतंच. भ्यायचं न्हाई. पानी द्यायचं न् वाट बघायची." आई आता नाही. पुण्यात अक्काच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पहिल्या संध्याकाळी मी गॅलरीत उभी राहिले आणि खाली बघून चक्कर आली, तेव्हा मला आईचं ते रोपच आठवलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पुण्यात राहून शुद्ध बोलायला लागलीय, पण राग आला की थेट गावावर येते. हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये ती माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायची. त्या लाल औषधाची सलाईन थेंब थेंब उतरायची आणि अक्का सोसायटीतल्या भानगडी सांगायची. पुढं तोंड आलं. पाण्यालासुद्धा लोखंडाची चव लागायची. अक्का ज्वारीच्या कण्या पातळ शिजवून गार करून द्यायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोरून हलायची नाही.

केस गेले तेव्हा मी रडले. खोटं कशाला बोलू, छाती गेली तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते. लहानपणी वेणी घालताना धरायची तशी अक्कानं माझी मान धरली आणि टकलावर खोबरेल चोळलं. "आता कशी ओढशील वेणी?" मी रडत रडतच विचारलं. "येऊ देत केस, मग बघते तुझ्याकडं," ती म्हणाली.

रोज संध्याकाळी यांचा फोन यायचा. चंद्री दूध देती का? देती की. कोण काढतं? मीच. तुम्हाला कशी देती? देती म्हनलं ना. मग दाखवा बरं व्हिडिओ कॉलवर. "गोठ्यात नेटवर्क न्हाई," हे म्हणायचे. वा रे वा! त्याच गोठ्यात बाजेवर पडून हा माणूस आख्खी दुपार मोबाईल बघतो. माझ्या मनात पाल चुकचुकली. विकली यांनी. विकली आणि मला सांगायची छाती होत नाही.

त्यातच एका डोसनंतर ताप चढला. पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून ॲडमिट केलं. घरी आणलं तेव्हा मी अक्काला स्पष्ट सांगितलं, "बास झालं. उरलेले डोस मला नकोत. मरायचंच असलं तर आपल्या दारात मरते, मला गावाला सोड." अक्कानं समजावलं, दटावलं, शेवटी तीही रडली. मी भिंतीकडं तोंड करून पडले. मग बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज आला, थेट गावावर आलेला. "पाव्हनं, ही औषध सोडून निघालीय! तिला वाटतंय म्हस इकली तुमी. काय खरं काय खोटं ते आत्ताच्या आत्ता दाखवा तिला!"

थोड्या वेळानं व्हिडिओ कॉल आला. गोठा होता, चंद्री होती. आणि तिच्या कासेखाली, माझी जुनी हिरवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, गुडघ्यांत बादली धरून बसलेली एक बाई. बाईला मिशा होत्या.

"अहो!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"काय करू मग," हे म्हणाले. "लाथा खाऊन मांडी काळीनिळी झाली. तुजी साडी गुंडाळली न् सोडला की हिनं पान्हा. सगळी डेअरी मला वैनी म्हनती."

मी हसले. तोंडातले फोड ताणले गेले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसतच राहिले. अक्का दारात पदर तोंडाला लावून उभी. यांनी आधी आम्हाला हसू दिलं. मग म्हणाले, "तुजी जागा मी धरून बसलोय. तू तिकडचं समदं उरकून ये. अर्धवट टाकून आली तर मी ह्या साडीतनं उठायचा न्हाई." लग्नापासून एका दमात एवढं बोललेला हा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. मी पुढचा डोस घेतला आणि त्याच्या पुढचेही सगळे. दर वेळी शेजारच्या खुर्चीवरच्या शेवगावच्या ताई आधी विचारायच्या, "वैनींनी दूध काढलं का?"

सगळं संपलं, रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, आता गोठ्यात जायला हरकत नाही, फक्त डाव्या हाताला जपा. घरी पोचले ती तडक चंद्रीकडं गेले. तिनं माझा हात हुंगला, डोक्याचा रुमाल हुंगला आणि मागं सरली. मी खाली बसले, उजव्या हातानं कास चोळली. थेंब नाही. पाय आपटायला लागली. जाऊबाई मला बघून क्षणभर बावचळल्या होत्या, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण चंद्रीनं ओळखलं नाही, तेव्हा फार लागलं. जिच्यासाठी एवढं सोसून आले, तिलाच मी परकी झाले होते.

हे माझ्या मागंच उभे होते. त्यांनी खुंटीवरची हिरवी साडी काढली आणि माझ्या अंगाभोवती गुंडाळली, पदर डोक्यावर ओढून दिला. शेणाचा, दुधाचा आणि यांच्या घामाचा वास येत होता साडीला. मी पुन्हा कासेला हात घातला. चंद्रीनं एकदा मान वळवून बघितलं आणि मग पान्हा सोडला. पहिली धार बादलीत वाजली आणि मला हुंदका आवरेना. "हळू, बुजंल ती," हे म्हणाले, पण त्यांचाही आवाज ओला होता.

आता केस बोटभर आलेत. अजून मधून मधून तपासणीला पुण्याला जावं लागतं. वरून आई रागावली तर रागावू दे, पण गाडी निघाली की मी हमखास मागं वळून बघते. गोठ्याच्या दारात आमचे हे माझी साडी नेसून उभे असतात, एका हातात बादली, आणि दुसऱ्या हातानं पदर सावरत मला खुणावतात, जा, मी हाय.