आधी माही चूक

मॅच संपली की सर टोपी काढायचे. पोरी त्यांच्याभोवती रिंगण करून उभ्या राहायच्या आणि सर खणखणीत आवाजात म्हणायचे, "आधी माही चूक!"

हा त्यांचा विमानदलातला रिवाज. उड्डाणावरून खाली आलं की हुद्दा बाजूला ठेवायचा आणि प्रत्येकानं आपली चूक मोठ्यानं सांगायची. लढाऊ विमान चालवलेला हा माणूस निवृत्त होऊन पिंपळगाव राजाला परतला आणि पोरींना फुटबॉल शिकवू लागला. पुढे सर जिल्हा फुटबॉल संघटनेचे सचिव झाले, तरी मैदानावरच्या चुन्याच्या रेघा स्वतःच मारायचे. "रेघ वाकडी गेली की मले रनवेच वाकडा दिसते," म्हणायचे.

माझी मुलगी त्यांची गोलकीपर. मी बियाण्यांचा दुकानदार, मनातलं फारसं न बोलणारा. पण आता लपवत नाही: घरात माझं न ऐकणारी पोरगी सरांच्या एका शिट्टीवर पहाटे उठायची, याचा मला जळफळाट व्हायचा. त्यात पोरीच्या खेळण्यावरून दुकानावर लोक काहीबाही बोलायचे.

मेहकरला फायनल होती. मी सरांना बाजूला घेतलं. "सर, ही तिची शेवटची मॅच. दहावी झाली, आता बस."

"काऊन, भाऊ?"

कारण सांगायचं सोडून मी दुकानाच्या किल्ल्या चाळवू लागलो.

"बरं. मॅच तरी पाहून जा," सर म्हणाले.

काय सांगू तुम्हाला त्या मॅचचं! बरोबरी काही सुटेना. पेनल्टी सुरू झाल्या. शेवटची अडवली की आम्ही जिंकणार. समोरची पोर धावत आली, आणि माझी पोरगी मांजरीसारखी हवेत आडवी झाली. चेंडू बोटांना लागून खांबाबाहेर! मी मैदानाची दोरी कधी ओलांडली, चपला कुठं पडल्या, काही कळलं नाही. पोरींच्या घोळक्यात मीही नाचत होतो.

तेवढ्यात सरांनी टोपी काढली. रिंगण झालं आणि मी आतच अडकलो.

"आधी माही चूक! पेनल्टी मारायले चांगली पोर शेवटी ठेवली." मग एकेकीची चूक ऐकत पाळी माझ्यापर्यंत आली.

"बोला भाऊ. रिंगणातल्याले सुट्टी नाही."

मी पुटपुटलो, "मी हिचा खेळ बंद करून राह्यलो होतो..."

"काका, आवाज!" पोरी ओरडल्या.

"माही चूक!" मीही ओरडलो. "खेळू द्या हिले!"

मुलीनं हातमोज्यांत तोंड लपवलं.

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. त्या दिवशी ती अमरावतीला खेळत होती. मॅच संपेपर्यंत मी तिला फोन केला नाही.

"आधी काऊन नाही सांगितलं, बाबा?" ती रडत होती. तिच्यामागे पोरींचा जिंकल्याचा दंगा चालला होता. मग तीच म्हणाली, "बरं केलं. मी गोल सोडून आली असती, तर सर लय खवळले असते."