सव्वा पानाचं प्रकरण

माझ्या पहिल्या कादंबरीत एक प्रकरण सव्वा पानाचं आहे, आणि ते तसंच छापून आलं याचा मला भारी अभिमान आहे. असायलाच हवा, भांडून मिळवलंय.

प्रकाशक माणूस सज्जन. कादंबरी त्यांना आवडलीही होती. पण प्रत्येक प्रकरण दहा-बारा पानांचं हवं, हा त्यांचा हट्ट. वाचकाला सवय लागते म्हणे. बाकीची प्रकरणं त्यात बसत होती, हे एकच आड येत होतं. कुटुंब आपली केळीची वाडी बिल्डरला विकतं, त्या दिवसाचं. एवढा मोठा प्रसंग सव्वा पानात उरकता होय, असं त्यांनी विचारलं. वाढवा, नाहीतर पुस्तकाचं पुढे बघू.

पहिलंच पुस्तक, मी घाबरले. आठ दिवस बसून त्याची बारा पानं केली. मी फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, वाडी मला कळली ती लग्नानंतर. जे जे कळलं होतं ते सगळं कोंबलं. रहाट घातला, केळीचे घड घातले, विहिरीवर बायकांना हंबरडा फोडायला लावला. तेव्हा मला ते फार थोर वाटत होतं, काय सांगू!

लिहिलेलं मी आधी सासूबाईंना वाचून दाखवते. त्यांना वाचता येत नाही. आमची वाडीही अशीच गेली. घरामागे उरलेल्या तुकड्यात मोगरा आहे, त्याचे गजरे त्या दुपारी केळीच्या सोपटात, म्हणजे वाळल्या सालीच्या दोरात, बांधत बसतात आणि ऐकतात. कंटाळल्या तर तसं म्हणत नाहीत, उठून कळ्यांवर पाणी शिंपडतात. तिथं प्रकरण लांबलं, हे मी समजून घेते. बारा पानांत त्या चारदा उठल्या.

मी चिडले. रागारागानं जुनं सव्वा पान काढलं नि तेही वाचलं. त्या हलल्या नाहीत. वाचून झालं तरी गजरा मांडीवर तसाच. मी म्हटलं, "आई, प्रकाशक म्हणतात, हे फार थोडं झालं."

"येवढंच झालेलं," त्या म्हणाल्या. "सकाळी सही केली, दुपारी घरी येऊन जेवलो. कोनी काय बोललं नाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बारा पानं फाडली आणि प्रकाशकांना फोन करून सांगितलं की हे प्रकरण सव्वा पानाचंच राहील, जमत नसेल तर बाड परत पाठवा. चार दिवस उत्तर नाही. पुस्तक हातचं गेलं, असंच मी धरून चालले. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. पुन्हा वाचलं म्हणाले, तुमचंच खरं.

पुस्तक घरी आलं तेव्हा शेजारच्या काकू बघायला आल्या. चाळता चाळता त्यांना नेमकं तेच प्रकरण लागलं. पाव पानावरच मजकूर संपला, खाली एवढं पान कोरं कसं सुटलं, छापायचं राहिलं का, असं त्या विचारू लागल्या. मी तोंड उघडणार तोच सासूबाई आतून म्हणाल्या, "राहिलं नाय, सोडलंय ते. तिथं आमची वाडी होती."